बीट्रिक्स पॉटरचा २३ पुस्तकांचा संच: चित्रांसाठी घ्यावा असा

आधी निकाल सांगते. घरात चार-पाच वर्षांपुढचं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः जलरंगात काम करत असाल, तर इंग्लिश लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर यांच्या, पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीपासून सुरू झालेल्या २३ छोट्या पुस्तकांचा फ्रेडरिक वॉर्न प्रकाशनाचा संच घ्या. स्वस्त नाही, पैसे साठवून घ्यावा लागतो. मी चित्रकलेचे वर्ग घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी करून घेते. डोळ्यांनी नीट बघून मग रंगाला हात कसा घालायचा, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली पुस्तकं माझ्या कपाटात नाहीत.

मात्र विकत घेताना चित्रं कुणाची आहेत ते आधी तपासा. बीट्रिक्स पॉटर २२ डिसेंबर १९४३ ला गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २००४ पासून या गोष्टी भारतात कुणीही छापू शकतो. छापतातही. त्यात गैर काहीच नाही, पण होतं असं की गोष्ट पॉटरबाईंची आणि चित्रं भलत्याच कुणाची. माझ्या वर्गात एका मुलीनं असंच एक पुस्तक आणलं होतं. त्यातल्या सशाला माणसासारख्या पापण्या, गाल गुलाबी, जाकिटाचा निळा रंग तर शाळेच्या पाण्याच्या बाटलीचा. दुसऱ्या एका स्वस्त पुस्तकात चित्रं मूळचीच होती, पण कुठल्या तरी जुन्या छापील प्रतीवरून उचललेली. सगळ्या सशांवर निळसर झाक, आणि चित्राभोवतीचा पांढरा कागद करडा पडलेला. ही दोन्ही पुस्तकं घेऊ नका. या गोष्टींमध्ये अर्धी गोष्ट चित्रात सांगितलेली असते. चित्र बदललं की उरतो तो नुसता सारांश.

हा संच मूळ जलरंगांवरून छापलेला आहे. वॉर्ननं १९८७ मध्ये पॉटरबाईंची मूळ चित्रं पुन्हा छायाचित्रित करून सगळे साचे नव्यानं केले आणि २००२ मध्ये, पहिल्या पुस्तकाच्या शंभरीला, आणखी एकदा हात फिरवला. त्या वेळी पहिल्या पुस्तकातून पूर्वी वगळलेली काही चित्रंही परत आत घेतली. फरक उघड दिसतो. सशाच्या पाठीवरचे एकेक केस, पेन्सिलीची पुसट रेघ, रंग सुकताना कडेला जमलेली गडद किनार, हे सगळं छापील पानावर उतरलेलं आहे. कागद फार चकचकीत नाही, त्यामुळे दिव्याखाली पान चमकत नाही आणि रंग मऊ राहतात.

पुस्तकं तळहाताएवढी आहेत, साधारण १४ बाय ११ सेंटिमीटर. हा आकार बाईंनी स्वतः ठरवलेला. लहान हातात मावेल असं पुस्तक त्यांना हवं होतं. एका पानावर चित्र, समोर चार ओळी मजकूर. मुलाला गोष्ट वाचून दाखवताना पान उलटायची वेळ बरोबर तिथेच येते जिथे श्वास रोखला जातो. ज्याच्या बागेत पीटर चोरून शिरलाय तो मॅकग्रेगर मागे लागला, पान उलटा, पीटर झारीत लपला, आणि झारीतून फक्त दोन कान वर आलेले. वॉर्नचाच सगळ्या गोष्टींचा एक जाड एकत्रित ग्रंथही मिळतो. जागा कमी व्यापतो आणि एकूण खर्चही कमी. चित्रं त्यातही सगळी आहेत, पण एकेका पानावर दोन-तीन बसवल्यामुळे तो झारीचा क्षण आधीच डोळ्यांत भरतो. मूल चित्राकडे आधी बघतं, मजकूर नंतर ऐकतं, आणि मजा तिथेच संपते. म्हणून मी सुट्या छोट्या पुस्तकांच्याच बाजूनं आहे.

या पुस्तकांची सुरुवात एका पत्रातून झाली. ४ सप्टेंबर १८९३ ला स्कॉटलंडमधून पॉटरबाईंनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, पत्र लिहिलं. काय लिहावं सुचत नाही म्हणून चार सशांची गोष्ट सांगितली आणि कडेनं शाईची रेखाटनं केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाला बेडकाची गोष्ट पाठवली. काही वर्षांनी सशांच्या गोष्टीचं पुस्तक करायचं ठरलं तर प्रकाशक नकार देत गेले, म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. त्या प्रतीत आतली चित्रं काळी-पांढरीच. रंगीत करायला बाई मुळात तयार नव्हत्या. एक तर खर्च, आणि दुसरं म्हणजे सगळीकडे सशाचा तपकिरी आणि हिरवा, यात रंगवण्यासारखं काय आहे असं त्यांचं म्हणणं. वॉर्ननं हट्ट धरला, चित्रांची संख्या कमी करायला लावली आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये रंगीत पुस्तक आलं. तीन रंगांचे ब्लॉक एकावर एक छापून जलरंग कागदावर उतरवण्याचं तंत्र तेव्हा नुकतं हाताशी आलं होतं. खोदकाम करणाऱ्या कारागिरानं चित्राची आपल्या हातानं नक्कल करायची गरज उरली नाही आणि बाईंच्या ब्रशचा फटकारा जसाच्या तसा वाचकापर्यंत पोचला.

तपकिरी आणि हिरव्यात रंगवण्यासारखं काय आहे, याचं उत्तर मग बाईंनीच देऊन ठेवलं. मुळे खाणाऱ्या पीटरचं चित्र घ्या. पीटर एका पायावर दुसरा पाय टाकून आरामात उभा आहे, हातात लांबट मुळे, डोळे अर्धवट मिटलेले. मागे फावड्याच्या दांड्यावर रॉबिन पक्षी बसलाय. जाकीट निळं, मुळे तांबडे, पाला हिरवा. बाकी सगळा पांढरा कागद. मागे कुंपण नाही, आभाळ नाही, चौकट नाही. जमिनीची थोडी माती पायाखाली, तीही कडेला विरत गेलेली. जलरंगात पांढरा रंग ट्यूबमधून येत नाही, कागदाचा पांढरा राखावा लागतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगते आणि मुलं तरी पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरून टाकतात. हे चित्र समोर ठेवलं की निम्मं बोलावं लागत नाही. पीटरच्या छातीवरचा पांढरा लोकरीसारखा भाग म्हणजे कोरा कागद आहे. त्याच्या कडेनं पातळ करड्याचा एक हात फिरवलाय, आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं केसांच्या रेघा. बस एवढंच. (आपल्याकडे हीच गोष्ट सा. ल. हळदणकरांनी हातात दिवा धरलेल्या बाईच्या चित्रात करून दाखवली आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते चित्र आहे, तेही जलरंगातलं. तिथला उजेडसुद्धा कागदाचाच आहे.)

आता त्याच पीटरच्या जाकिटाकडे बघा. कपडे घातलेले प्राणी काढायला सांगितले की मुलं माणूस काढतात आणि त्याला सशाचं डोकं लावतात. खांदे माणसाचे, कंबर माणसाची, बोटं पाच. पॉटरबाईंचा ससा आतून ससाच आहे. पुढचे पाय आखूड आणि जवळजवळ, मागच्या मांड्या जड, पाठीला कमान. जाकीट त्या अंगावर चढवलंय, म्हणून ते पोटावर किंचित ओढलं जातं आणि मागे शेपटीपाशी उचललं जातं. सुरुवातीच्या चित्रात आई त्याच्या गळ्याचं बटण लावते आहे. त्यातली त्याची मान बघा, थोडी वर केलेली, अवघडलेली. बटण लावून घेणारं कुठलंही पोर अशीच मान करतं, आणि तरी ती मान सशाचीच आहे. गोष्टीत पुढे त्याचे बूट हरवतात, तेव्हा तो चार पायांवर धावायला लागतो आणि वेग वाढतो. जाळीत बटणं अडकतात, तेव्हा जाकीट टाकून निसटतो. त्यानंतर चित्रांत नुसता ससा राहतो. कुलूपबंद दाराशी रडवेला उभा आहे तिथेही, अंगावर काही नसताना, तो आपल्याला पीटर म्हणून ओळखू येतो. शरीर नीट माहीत असल्याशिवाय हे जमत नाही.

आणि बाईंना ते माहीत होतंच. लहानपणापासून घरात ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळं पाळलेली. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे काढून त्यांची रेखाटनं केलेली. पीटर नावाचा ससा खरोखर त्यांच्याकडे होता. वडिलांचे स्नेही असलेले चित्रकार मिले यांनी त्यांना म्हटलं होतं की चित्र काढणारे पुष्कळ असतात, तुमच्याकडे निरीक्षण आहे. पुस्तकांच्या आधीच्या वर्षांत त्यांनी अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रं केली. बीजाणू कसे रुजतात यावरचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत सादर झाला, पण बाईमाणसाला तिथल्या सभेत प्रवेश नसल्यामुळे तो दुसऱ्यानं मांडला. ही अळंबीची चित्रं आज इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या आर्मिट संग्रहालयात आहेत, आणि १९६७ मध्ये एका शास्त्रज्ञानं अळंब्यांवरच्या आपल्या पुस्तकात ती वापरली. मुलांच्या पुस्तकांतली पानं-फुलं बघताना हे मला सतत आठवतं. जेमायमा बदकीला भुलवणारा कोल्हा फॉक्सग्लव्हच्या झाडांमध्ये बसलाय. ती फुलं कुठलीतरी जांभळी घंटेसारखी फुलं नाहीत, ती फॉक्सग्लव्हच आहेत, खालची उमललेली आणि शेंड्याकडची अजून कळीतली.

या २३ मधलं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’, संचात तिसऱ्या क्रमांकाचं. बाईंचंही तेच आवडतं होतं. गरीब शिंपी, नाताळच्या सकाळपर्यंत महापौराचा कोट पुरा करायचा, आणि म्हातारा तापानं पडलाय. रात्री उंदीर येऊन कोट शिवतात. सकाळी सगळं तयार, फक्त एक काज राहिलेलं, आणि त्यावर बारीक अक्षरांत चिठ्ठी टाचलेली की रेशमी दोरा संपला. उंदरांच्या टाक्यांसाठी बाईंनी काय केलं, तर लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमधल्या संग्रहालयात, ज्याला आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणतात, तिथे अठराव्या शतकातले खरे कपडे समोर मागवून त्यांची चित्रं केली. म्हणून त्या कोटाच्या बाहीवरचं भरतकाम अंदाजपंचे काढलेलं नाही. देठ कुठून वळतो, पाकळीला कुठला टाका पडलाय, हे मोजता येतं. माझ्या सासूबाई आयुष्यभर भरतकाम करत आल्या. त्यांना मी ते पान दाखवलं, तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुस्तक नाकाजवळ धरलं आणि म्हणाल्या, “ही बाई स्वतः शिवत असणार गं.” कपबशीखालून बाहेर येऊन लवून नमस्कार करणारी उंदरीण आणि दोऱ्याच्या रिळावर बसून वर्तमानपत्र वाचणारा उंदीर, ही चित्रं तर कुणीही बघत बसावं. रंग या पुस्तकात जास्त खोल आहेत. बर्फाचे निळसर रस्ते, खोलीतला मेणबत्तीचा पिवळा उजेड, कोटाचा चेरीसारखा लाल. यातली मूळ चित्रं लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

दुसरं आवडतं ‘जेरेमी फिशर’, १९०६ चं. कमळाच्या पानाची होडी करून मासे धरायला निघालेला बेडूक. पाणी रंगवायला शिकायचं असेल तर हे पुस्तक उघडा. काठाजवळचं उथळ तपकिरी पाणी, पानांच्या सावलीतलं हिरवं, पावसात करडं झालेलं, असं प्रत्येक पानावर पाणी वेगळं आहे. मोठा ट्राउट मासा खालून येऊन जेरेमीला तोंडात धरतो ते चित्र बघून माझ्या वर्गातली लहान मुलं खरोखर दचकतात. बेडकाच्या अंगावरचा रेनकोट माशाला आवडत नाही म्हणून तो सुटतो. बेडकाच्या लांब बारीक पायांवर पाय टाकून बसण्याची ऐट आणि त्याच वेळी त्याची ओलसर कातडी, दोन्ही एकाच चित्रात आहेत.

‘मिसेस टिगी-विंकल’मधली हेजहॉग धोबीण, ‘टू बॅड माइस’मधलं बाहुल्यांचं घर आणि प्लॅस्टरचं जेवण बघून चिडलेले उंदीर, ‘टॉम किटन’मधली बटणं तुटलेली मांजराची पिल्लं, ही सगळी पुस्तकं पहिल्या फळीतली. टॉम किटनमधली बाग म्हणजे बाईंनी १९०५ मध्ये विकत घेतलेल्या हिल टॉप या शेतघराची बाग. ‘सॅम्युएल व्हिस्कर्स’मध्ये त्याच घराचा जिना, माळा, चूल आहे. हे घर आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे. पुस्तकांच्या पैशातून घेतलेल्या चार हजारांहून अधिक एकर जमिनी बाईंनी मरताना ट्रस्टलाच दिल्या.

सगळीच पुस्तकं अशी नाहीत. ‘टिमी टिपटोज’ मला फिकं वाटतं. ते १९११ मध्ये अमेरिकन वाचकांकडे बघून केलेलं, त्यात तिकडच्या करड्या खारी, चिपमंक आणि अस्वल आहे. अस्वल तर अगदी ओढूनताणून आलंय. जे प्राणी घरात आणि शेतावर रोज बघितले नाहीत, ते काढताना हात सैल पडलेला दिसतो. ‘ॲप्ली डॅप्ली’ आणि ‘सेसिली पार्सली’ ही दोन गाण्यांची पुस्तकं उशिराची, १९१७ आणि १९२२ मधली. तोवर बाईंची नजर मंदावली होती, लक्ष शेती आणि मेंढ्यांकडे गेलं होतं, आणि बरीच चित्रं जुन्या साठ्यातली वापरली आहेत. ‘पिग रॉबिन्सन’ फार लांबलेलं आहे. ‘मिस्टर टॉड’मध्ये बरीचशी चित्रं काळी-पांढरी आहेत. गोष्ट मात्र जोरकस आहे, जरा मोठ्या मुलांना आवडते.

संचाबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे आकार. ‘सॅम्युएल व्हिस्कर्स’, ‘पाय अँड द पॅटी-पॅन’ आणि ‘जिंजर अँड पिकल्स’ ही पुस्तकं मुळात मोठ्या आकारात निघाली होती. एकसारखा संच करायचा म्हणून ती इतरांएवढी लहान केली आहेत. घरांची, अंगणांची भरगच्च चित्रं त्यात आक्रसतात. ‘पॅटी-पॅन’मधली गावातली दारं-फुलं तर भिंगाखाली बघावीत अशी झाली आहेत. दुसरी तक्रार क्रमाची. कण्यावर १ ते २३ आकडे आहेत, पण तो निघाल्याच्या वर्षांचा क्रम नाही. १९०८ चं ‘सॅम्युएल व्हिस्कर्स’ सोळावं आणि १९१८ चं ‘जॉनी टाउन-माउस’ तेरावं. बाईंचा हात वर्षागणिक कसा बदलत गेला हे बघायचं असेल तर पुस्तकं काढून आपल्या क्रमानं लावावी लागतात. तिसरी तक्रार व्यवहाराची. पांढरी शुभ्र पुठ्ठ्याची बांधणी दिसायला सुंदर, पण रंगाचे हात लागले की डाग जात नाही. मी सगळ्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली आहेत. खोकं इतकं घट्ट आहे की मधलं पुस्तक ओढताना कण्याचा वरचा भाग दुमडतो. एक पुस्तक बाहेरच ठेवा, म्हणजे बाकीची सैल बसतात.

भाषा इंग्रजी आहे आणि जुनी आहे. मराठी माध्यमातल्या लहान मुलांना ती थेट झेपणार नाही. पण मजकूर चार-चार ओळींचाच असल्यानं वाचता वाचता मराठीत सांगत जाता येतं, आणि चित्र समोर असतं. पीटरच्या बापाला मॅकग्रेगरीणबाईंनी ‘पाय’मध्ये (म्हणजे आत मांस भरून भाजतात त्या पदार्थात) घातलं होतं हे वाक्य दुसऱ्याच पानावर येतं, ते मी गाळत नाही. मुलं एक क्षण गप्प होतात आणि मग विचारतात, “म्हणजे खाल्लं?” हो म्हणायचं आणि पुढे जायचं. या गोष्टींत कोंबडी, बदक, डुक्कर सगळ्यांना आपण कुणाच्या तरी ताटात जाऊ शकतो हे माहीत असतं. बाई स्वतः शेतकरी होत्या.

पूर्ण संच जमणार नसेल तर सुटी पुस्तकं मागवा, पुण्या-मुंबईतली मोठी दुकानं मागणीनुसार आणून देतात, ऑनलाइनही मिळतात. प्रकाशकाच्या जागी फ्रेडरिक वॉर्न आहे की नाही एवढं बघायचं. वॉर्न आता पेंग्विनच्या छत्राखाली आहे, त्यामुळे दोन्ही नावं दिसतील. पहिल्यांदा ‘पीटर रॅबिट’ घ्या, मग ‘टेलर ऑफ ग्लॉस्टर’ आणि ‘जेरेमी फिशर’. चित्रकलेच्या शिक्षकांनी यात ‘मिसेस टिटलमाउस’ जरूर जोडावं, कारण त्यातले कोळी, भुंगे, मधमाश्या आणि बेढब भेक यांच्यासारखा निसर्गचित्रणाचा धडा छापील पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ‘टिमी टिपटोज’ सगळ्यात शेवटी घेतलंत तरी चालेल.